बारा हातांवरून

नमस्कार. आजचा विषय आहे चाहत्यांचा टीका करण्याचा हक्क. हक्क म्हटलं की माणूस कायद्याकडे वळतो. मीही वळणार आहे, पण थोडाच वेळ. त्याआधी एका वाक्याशी माझं जुनं भांडण आहे, ते उरकून घेते. ते वाक्य म्हणजे, ‘आवडत नसेल तर बघू नका ना!’

आपण सगळ्यांनी हे ऐकलंय, बहुतेकांनी कुणाला तरी ऐकवलंयही. मालिका घसरली, सिनेमा फसला, गेमचा शेवट गुंडाळला, असं कुणी म्हणायचा अवकाश, की दुसरा चाहता हे तोंडावर फेकतो. पण ज्याला आवडत नाही तो केव्हाच उठून गेलेला असतो. कुरकुरायला मागे उरतो तो, ज्याला आवडलेलं होतं. पाचव्या भागात नायिकेला पोहता येत नाही म्हणून अख्खं कथानक नदीकाठी अडतं आणि चाळिसाव्या भागात तीच बाई बिनधास्त पुरात उडी घेते. ही चूक धरायला चाळीस भाग मन लावून बघावे लागतात. शत्रू एवढे कष्ट घेत नाही.

‘मग स्वतः करून दाखवा’ हे त्याचंच धाकटं भावंड. त्यावर फार बोलत नाही. बूट चावतो हे सांगायला बूट शिवता यावे लागत नाहीत.

भरतमुनींच्या ‘नाट्यशास्त्र’ या प्राचीन संस्कृत ग्रंथाचा सत्ताविसावा अध्याय प्रयोग यशस्वी झाला की नाही हे कसं ओळखायचं, याबद्दल आहे. प्रेक्षक हसला, ‘साधु’ म्हणाला, रडला, उठून उभा राहिला, या सगळ्याची तिथे नोंद आहे. चुकांचीही आहे. वाद उपटला तर निवाडा कुणी करायचा त्यांची यादीच दिली आहे. त्यात राजा आहे, व्याकरण जाणणारा आहे, पण त्याच पंगतीत धनुर्धर, चित्रकार, गणिकाही आहेत. ज्याला जे कळतं त्याने ते तपासायचं. शिवाय भरत सांगतो की आदर्श प्रेक्षकाचे सगळे गुण एकाच माणसात सापडत नाहीत, कारण जाणण्यासारखं अफाट आहे. मला यातला सगळ्यात आवडणारा तपशील बसण्याच्या जागेचा. या मंडळींनी फार जवळ बसायचं नाही, फार दूरही नाही. रंगमंचापासून बारा हातांवर. आजच्या चाहत्याची अडचण नेमकी ही आहे. तो कलाकाराच्या इतका जवळ गेलाय की त्याला दोष दिसत नाही, नाहीतर दिसला की माणूसच ओरबाडावासा वाटतो.

आता कायदा. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये टीका आणि परीक्षणासाठी मूळ कृतीचा रास्त वापर करायला मुभा आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये एका गाण्याच्या विडंबनाच्या खटल्यात आणखी स्पष्ट भूमिका घेतली. जळजळीत नाट्यपरीक्षणाने जशी नाटकाची मागणीच मरते, तशी विडंबनाने मूळ कृतीची मेली, तरी कॉपीराइट कायदा ज्याला नुकसान म्हणतो ते हे नव्हे. धंदा बुडवणं आणि माल चोरणं यांत न्यायालयाने फरक केला. निर्माते तो सोयीस्करपणे विसरतात, म्हणून सांगितलं.

बोलायचा हक्क मिळाला, पण त्यातून निकाल मिळवायचाही हक्क येतो का? इथे मी चाहत्यांच्या बाजूपासून थोडी मागे सरकते. ‘मास इफेक्ट ३’ या गेमचा शेवट २०१२ च्या मार्चमध्ये खेळाडूंना पटला नाही. शेकडो तास निवडी करायच्या आणि शेवटी त्या सगळ्यांचं मोल जवळपास एकच, अशी त्यांची तक्रार होती. रास्त तक्रार. कंपनीने जूनमध्ये फुकट पुरवणी दिली, पण शेवट बदलला नाही. तोच अधिक उलगडून दाखवला. मला हा व्यवहार दोन्हीकडून सभ्य वाटतो. २०१९ मध्ये ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या मालिकेचा आठवा हंगाम नव्याने करा, अशी मागणी करणाऱ्या अर्जावर दहा लाखांहून अधिक सह्या पडल्या. हंगाम काही पुन्हा झाला नाही, आणि व्हायला नकोच होता. तो अर्ज अभिप्राय म्हणून वाचला तर जबरदस्त आहे, हुकूम म्हणून वाचला तर पोरकट. त्याच वर्षी ‘सॉनिक’ या गेमवरून केलेल्या सिनेमाच्या ट्रेलरमधल्या त्या निळ्या प्राण्याचे माणसासारखे दात बघून लोक हादरले. दिग्दर्शकाने काही दिवसांत बदल कबूल केला, नोव्हेंबर २०१९ मधलं प्रदर्शन फेब्रुवारी २०२० वर गेलं. चाहते जिंकले म्हणायचं. पण तो प्राणी पुन्हा घडवणारे हात कुणाचे, हे त्या जल्लोषात फारसं कुणी विचारलं नाही.

आणि आता ओरबाडणं. भरताने प्रयोगात येणाऱ्या विघ्नांचे प्रकार दिलेत. त्यात शत्रूंनी मुद्दाम घातलेली विघ्नं आहेत: नको तिथे खदाखदा हसणं, मोठ्याने रडणं, आणि चक्क शेण, ढेकळं, मुंग्या फेकणं. मुंग्या! कुणीतरी त्या घरून भरून आणत असणार. याला भरत परीक्षण म्हणत नाही, घात म्हणतो. केली मेरी ट्रान या अभिनेत्रीने ‘स्टार वॉर्स’मधल्या भूमिकेनंतर झालेल्या छळामुळे २०१८ मध्ये इन्स्टाग्रामवरच्या आपल्या नोंदी पुसून टाकल्या. नंतर तिने लिहिलं की त्या शब्दांपेक्षा, आपण त्या शब्दांवर विश्वास ठेवू लागलो हे वाईट होतं. तिचं पात्र कच्चं लिहिलेलं वाटलं, तर ते शंभरदा म्हणा, लेखकाचं नाव घेऊन म्हणा. तिच्या वंशाबद्दल, चेहऱ्याबद्दल बोलणाऱ्याच्या मुठीत मुंग्या आहेत.

‘पण रागावू तरी द्याल की नाही?’ असं कुणीतरी विचारणार, म्हणून सांगते. रागवा ना. आर्थर कॉनन डॉइल यांनी १८९३ मध्ये आपल्या कथेत शेरलॉक होम्सला दरीत ढकलून संपवलं, तेव्हा एका बाईंनी त्यांना पत्र लिहिलं. सुरुवातच होती, ‘अरे राक्षसा!’ अर्थ तोच, शब्द माझे. होम्स परत यायला पुढे बरीच वर्षं गेली. १९२४ मध्ये डॉइल यांचं आत्मचरित्र छापून आलं, त्यात त्या बाईंचं ते संबोधन आहे.