बर्लिन बचाव आणि बरोबरीचे आकडे

बुद्धिबळाच्या कुठल्याही डेटाबेसमध्ये एखादी ओपनिंग (डावाची ठरावीक सुरुवात) उघडली की आधी तीन आकडे समोर येतात. पांढरा किती टक्के जिंकला, काळा किती टक्के जिंकला आणि बरोबरी किती टक्के. तेवढं पाहून आपण निकाल देऊन मोकळे होतो: ही चांगली, ती वाईट, ती कंटाळवाणी. या सवयीशी मला आज थोडं भांडायचं आहे. त्यासाठी मी बर्लिन बचाव निवडलाय, कारण ‘कंटाळवाणी’ हा शिक्का याच्याइतका दुसऱ्या कुणावर बसलेला नाही.

चाली तुम्हाला माहीत असतील, तरी एकदा उजळणी करू. अक्षर म्हणजे पटाची उभी रांग (फाइल), आकडा म्हणजे आडवी; नुसतं घर लिहिलं की चाल प्याद्याची. ई४ ई५, घोडा एफ३, घोडा सी६, उंट बी५. ही झाली रुय लोपेझ. आता काळा ए६ न खेळता घोडा एफ६ वर काढतो, तोच बर्लिन. पांढऱ्यानं कॅसलिंग केलं (राजा हत्तीच्या आड नेला) की काळा ई४ वरचं प्यादं मारतो. पुढे डी४, घोडा डी६, उंटानं सी६ वरचा घोडा मारला, डी-प्याद्यानं उंट मारला, पांढऱ्यानं ई५ घेतलं, घोडा एफ५ वर गेला आणि आठव्या चालीला वजिरावजिरी झाली. काळ्याचा राजा डी८ वर उघड्यावर उभा. त्याचं कॅसलिंग कायमचं गेलं, सी-फाइलवर दोन प्यादी एकामागे एक अडकली. नवख्या खेळाडूला हा पट दाखवला तर तो काळ्याची कीवच करेल.

त्याचं अगदीच चुकतं असंही नाही. उरलेले सगळे मोहरे पटावरून उचलून फक्त राजे आणि प्यादी ठेवली, तर पांढरा जिंकतो. राजाच्या बाजूला त्याची चार प्यादी तीनाविरुद्ध आहेत आणि त्यातून पुढे जाणारं प्यादं तयार होतं. वजिराच्या बाजूला काळ्याची चार आहेत खरी, पण जोडप्याद्यांमुळे त्यांतून तसं काही निघत नाही. मग काळा हे का खेळतो? कारण मोहरे पटावर आहेत. त्याच्याकडे दोन्ही उंट आहेत. ई५ वर पुढे आलेलं पांढरं प्यादं दिसायला रुबाबदार, पण त्यानं स्वतःच्याच काळ्या घरांतल्या उंटाची वाट अडवली आहे. शिवाय ते पुढे सरकल्यामुळे एफ५ आणि ई६ ही पांढरी घरं काळ्याला ठाण मांडायला मिळतात. पांढऱ्याला रेटून जिंकावं लागतं आणि रेटायला पकड सापडत नाही. २००० सालच्या आसपासची संगणक इंजिनं हा पट पाहून पांढऱ्याच्या बाजूनं कौल द्यायची. माणसांनाही तसंच वाटायचं.

हा बचाव एकोणिसाव्या शतकापासून माहीत होता, जुना जगज्जेता लास्करसुद्धा तो खेळला होता. नंतर तो जुनाट म्हणून मागे पडला. मग २००० साली लंडनमध्ये जगज्जेतेपदाच्या सामन्यात आव्हानवीर क्रामनिकनं तो जगज्जेत्या कास्पारोव्हसमोर ठेवला. पहिल्या, तिसऱ्या, नवव्या आणि तेराव्या डावात बर्लिन झाला आणि चारही डाव बरोबरीत सुटले. डेटाबेसला विचाराल तर उत्तर येईल, चार बरोबऱ्या, काळ्याचा विजय शून्य. पण सामना पाहा. क्रामनिकनं दुसरा आणि दहावा डाव पांढऱ्या मोहऱ्यांनी जिंकला आणि साडेआठ विरुद्ध साडेसहा गुणांनी जेतेपद घेतलं. कास्पारोव्हला अख्ख्या सामन्यात एकही डाव जिंकता आला नाही. ई४ हे त्याचं मोठं हत्यार, तेच बोथट झालं. ही कामगिरी कुठल्या रकान्यात लिहायची? ‘बर्लिनची भिंत’ हे नाव लोकांनी उगीच दिलेलं नाही. पुढच्याच वर्षी अस्ताना इथे कास्पारोव्हनं क्रामनिकला याच बचावाविरुद्ध हरवलं, हेही सांगितलं पाहिजे. भिंतीला दार होतं, ते वेळेवर सापडलं नाही इतकंच.

आता बरोबरीच्या टक्क्यांकडे वळू. त्यात काय काय मिसळलेलं असतं? बर्लिनमध्ये एक आडवाट आहे. तिथे पांढऱ्याचा वजीर ई४ वरून शह देतो, काळा ई६ वर वजीर आणतो, पांढरा डी४ वर परततो, काळा डी६ वर परततो. तेच तीनदा झालं की चौदा चालींत डाव संपला. बड्या स्पर्धांत बरोबरीचा प्रस्ताव द्यायला बंदी घालणारे सोफिया नियम आले, पण पट तीनदा सारखा झाला तर ते नियम काय करणार? दोघांनाही अर्धा गुण हवा असला की हे डाव होतात आणि ते सगळे बर्लिनच्या खात्यावर चढतात. दोष ओपनिंगचा नाही, गुणतक्त्याचा आहे.

उलट दोघांनाही लढायचं असेल तेव्हा काय होतं ते पाहा. २०१३ साली चेन्नईत जगज्जेतेपदाच्या सामन्यात सहाव्या डावात आनंदनं मुख्य मार्ग टाळून चौथ्या चालीला डी३ खेळला. कार्लसन काळ्या मोहऱ्यांनी जिंकला. २०१४ साली सोचीत पुन्हा त्याच दोघांच्या जगज्जेतेपदाच्या सामन्यात दुसऱ्या डावात बाजू उलट्या होत्या, आनंदनं बर्लिन घेतला, कार्लसननं डी३ खेळून तो डाव जिंकला. सातव्या डावात मुख्य मार्गातलाच अंतिम खेळ तब्बल १२२ चाली चालला आणि बरोबरीत सुटला. आणि अकरावा डाव! आनंदनं बी५ खेळून सुंदर डाव उभा केला होता. मग त्यानं हत्ती बी४ वर नेऊन उंटासाठी देऊ केला आणि तिथून डाव घसरला. जेतेपदाचा निकाल त्याच डावात लागला. हा डाव मी पुन्हा पुन्हा पाहतो आणि अजून हळहळतो.

यात डी३ पुन्हा पुन्हा येतोय हे तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या मते बर्लिनचं खरं यश इथेच आहे. पांढऱ्या बाजूचे बडे बडे खेळाडू मुख्य मार्गाला वळसा घालून जाऊ लागले. कुणी डी३ धरला, कुणी रुय लोपेझच सोडून, उंट बी५ ऐवजी सी४ वर नेणाऱ्या इटालियन ओपनिंगकडे गेले. डेटाबेसमध्ये ज्या डावात बर्लिन झालाच नाही, तो डाव बर्लिनच्या नावावर मोजता येत नाही. आणि डी३ नंतर मोहरे भरपूर उरतात. २०१८ च्या कँडिडेट्स स्पर्धेत (जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणारी स्पर्धा), तीही नेमकी बर्लिन शहरात, अरोनियननं डी३ खेळून पुढे एच३ केला. क्रामनिकनं सातव्या चालीला हत्ती एच८ वरून जी८ वर सरकवला आणि जी-प्यादं सोडलं पांढऱ्या राजावर. सत्तावीस चालींत काळा जिंकला.

मग तुम्ही हा बचाव खेळावा का? खुल्या स्विस स्पर्धेत तुमच्यापेक्षा दीडदोनशे रेटिंगनं कमी असलेला खेळाडू पांढरे मोहरे घेऊन समोर असेल तर जपून. त्याला बरोबरी चालते, ती चौदा चालींची वाट त्याला पाठ असते आणि तो त्या वाटेला लागला तर ती टाळणं तुम्हाला महाग पडतं. तिथे सिसिलियन (ई४ ला सी५ नं उत्तर) घ्या. प्रतिस्पर्धी तुमच्याहून भारी असेल तर मात्र बर्लिन घेऊन बसा. आणि तयारी करताना वजिरावजिरीच्या अंतिम खेळाआधी डी३ ची तयारी करा, कारण पटावर बहुतेक वेळा तेच येणार आहे.