सद्गुण कुणाच्या चाकरीत?

मित्रहो, आजचा विषय फार जुना. माणूस मुळात चांगला की वाईट? चीनमध्ये सुमारे २३०० वर्षांपूर्वी मेन्शियस या तत्त्वज्ञाने विचारलं होतं, एखादं मूल विहिरीत पडायच्या बेतात दिसलं तर कुणाच्या काळजात धस्स होणार नाही? त्याच्यामागून शुन्झी आला आणि म्हणाला, मूळ स्वभाव वाईटच. चांगुलपणा येतो तो शिकवणुकीने आणि मेहनतीने. आपल्याकडे गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी आणि आसुरी अशा दोन संपत्तींची सरळ यादीच आहे. ती वाचताना आपण स्वतःला कुठे बसवतो आणि शेजाऱ्याला कुठे, ते जाऊ द्या.

मला शंका आहे ती या दोन याद्यांच्या मधल्या रेषेबद्दल. माणसाच्या हातून सामूहिकरीत्या घडलेली भयंकर कृत्यं जवळून पाहिली, की तिथे क्रौर्य, लोभ, द्वेष सापडतातच. पण प्रत्यक्ष राबताना दिसतात ते वेगळेच गुण. आज्ञाधारकपणा, शब्दाला जागणं, सोबत्याला एकटं न टाकणं. म्हणजे जे गुण आपण मुलांना कौतुकाने शिकवतो, ते.

१९६१ साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ स्टॅनले मिलग्रॅम यांनी जो प्रयोग सुरू केला, तो तुमच्यापैकी अनेकांना माहीत असेल. शेजारच्या खोलीतल्या माणसाचं उत्तर चुकलं की त्याला विजेचा झटका द्यायचा, दर चुकीला १५ व्होल्ट वाढवत ४५० पर्यंत. झटके खोटे होते, पण बटण दाबणाऱ्याला ते माहीत नव्हतं. पहिल्या ४० जणांपैकी २६ जण शेवटच्या बटणापर्यंत गेले. हा ६५ टक्क्यांचा आकडा सगळे सांगतात. ही माणसं कशी वागत होती, ते मात्र कमी सांगितलं जातं. त्यांना घाम फुटत होता, हात थरथरत होते, काहींना विचित्र हसू येत होतं. मजा कुणालाच येत नव्हती. पैसे म्हणाल, तर ते नुसतं येण्याचे होते, मध्येच उठून गेले तरी मिळणार होते. मग ते थांबले का नाहीत? प्रयोग घेणाऱ्या सभ्य गृहस्थाला आपण ‘करतो’ म्हणालो आहोत, काम विज्ञानाचं आहे, आता अर्ध्यावर कसं सोडायचं? भिडेने माणूस काय काय करतो, हे आपल्याला नव्याने सांगायला नको.

याच प्रयोगाचा एक प्रकार मला जास्त अस्वस्थ करतो. त्यात बटण दुसराच कुणी दाबत होता आणि आपल्या माणसाकडे फक्त सोबतीचं, किरकोळ काम होतं. तिथे ४० पैकी ३७ जण शेवटपर्यंत गेले. वाटून घेतलेलं पाप कुणाच्याच अंगाला लागत नाही असं वाटतं.

(स्टॅनफर्ड विद्यापीठात काहींना कैदी आणि काहींना पहारेकरी बनवून केलेला तुरुंगाचा १९७१ चा प्रयोग मी मुद्दाम घेत नाही. तिथल्या पहारेकऱ्यांना कडक वागायला पढवलं गेलं होतं असं नंतर पुढे आलं आहे. आपल्या मुद्द्याला सोयीचा म्हणून कच्चा पुरावा वापरू नये.)

आता साधं उदाहरण. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात डार्ली आणि बॅटसन या दोन मानसशास्त्रज्ञांनी प्रिन्स्टनमध्ये धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना एका इमारतीतून दुसरीकडे छोटं भाषण द्यायला पाठवलं. वाटेत एक माणूस खोकत, कण्हत पडलेला. ज्यांना सवड होती त्यांच्यातले ६३ टक्के थांबले. ज्यांना ‘उशीर झालाय, लोक वाट पाहतायत’ असं सांगितलं होतं, त्यांच्यातले फक्त १० टक्के. काही जणांच्या भाषणाचा विषय तर वाटेत जखमी पडलेल्याला मदत करणाऱ्या प्रवाशाची बायबलमधली गोष्ट हाच होता! त्याने काही विशेष फरक पडला नाही. ही मुलं निर्दयी होती का? नाही. ती वक्तशीर होती.

इथपर्यंत कुणाचा जीव गेला नव्हता. आता १३ जुलै १९४२ च्या पहाटेकडे जाऊ. दुसरं महायुद्ध चालू होतं. जर्मनीच्या ताब्यातल्या पोलंडमधलं युझेफूव नावाचं गाव. जर्मन राखीव पोलिसांची १०१ क्रमांकाची बटालियन तिथे उतरली. सुमारे ५०० माणसं, बहुतेक हॅम्बर्गची, वयाने प्रौढ, बायकामुलांची. कुणी गोदीत काम केलेलं, कुणी ट्रक चालवलेला, कुणी वेटर, कुणी कारकून. काम काय, तर गावातल्या धडधाकट ज्यू पुरुषांना मजुरीसाठी वेगळं काढायचं आणि बाकीच्यांना, म्हणजे बायका, मुलं, म्हातारे यांना, गोळ्या घालायच्या.

त्यांचा मेजर ट्रॅप. माणसं त्याला प्रेमाने ‘पापा’ म्हणत. हुकूम सांगताना त्याचा आवाज कापत होता, डोळ्यांत पाणी होतं. आणि त्याने एक अजब मुभा दिली: वयस्क मंडळींपैकी ज्यांना हे झेपणार नाही त्यांनी पुढे यावं, त्यांना दुसरं काम मिळेल. सुरुवातीला जेमतेम डझनभर आले. संध्याकाळपर्यंत सुमारे १५०० माणसं मारली गेली. मधल्या वेळात काही जणांनी पळवाटा शोधल्या, काहींनी सुटका मागून घेतली. पण बहुतेकांनी काम पार पाडलं.

नकार देणाऱ्यांना शिक्षा झाली नाही. तरी इतर का थांबले नाहीत? वीसेक वर्षांनी चौकशी झाली तेव्हाच्या जबान्यांत कारणं आहेत. ज्यूद्वेषाच्या प्रचाराचं वातावरण होतंच, ते मी विसरत नाही. पण अनेकांनी सांगितलं की सोबत्यांपुढे भेकड ठरायचं नव्हतं. शिवाय आपण बाजूला झालो तर हे घाणेरडं काम दुसऱ्यांच्या वाट्याला जास्त येणार. मित्रांवर ढकलून नामानिराळं होणं त्यांना स्वार्थीपणाचं वाटत होतं. ऐकताय ना? बंदूक उचलायला त्यांना सोबत्यांची चाडही पुरली. आणि पापा ट्रॅपचे अश्रू? ते खरे असावेत, मला शंका नाही. त्यांनी एकही मूल वाचलं नाही. १९४८ साली पोलंडमध्ये त्याला फाशी झाली.

मग उलटी उदाहरणं? आहेत. १६ मार्च १९६८, व्हिएतनाममधलं मी लाय. अमेरिकी सैनिक गावकऱ्यांची कत्तल करत होते. वरून टेहळणी करणाऱ्या ह्यू थॉम्प्सन या अमेरिकी वैमानिकाने हेलिकॉप्टर सैनिक आणि गावकरी यांच्या मधोमध उतरवलं आणि आपल्या साथीदारांना बजावलं, आपल्याच लोकांनी या माणसांवर गोळी झाडली तर त्यांच्यावर बंदूक चालवा. लपलेल्यांना त्याने दुसरी हेलिकॉप्टरं बोलावून बाहेर काढलं. मायदेशी त्याला काय मिळालं? धमक्या आणि देशद्रोही हे विशेषण. या कृत्यासाठी ‘सोल्जर्स मेडल’ हे लष्करी पदक मिळायला १९९८ साल उजाडलं.

थॉम्प्सन शिस्तीचा सैनिक होता, बंडखोर नव्हता. त्याची निष्ठा कमी नव्हती. ती कुणाच्या जिवावर खर्च होते आहे, हे त्याने पाहिलं. यात एक गोष्ट जोडायला हवी, त्याचं श्रेय कमी करण्यासाठी नाही. तो कत्तल करणाऱ्या तुकडीतला नव्हता. तिच्यासोबत तो राहिला नव्हता, तिच्या मेलेल्या माणसांचा सूड त्याच्या मनात साठला नव्हता. थोडं बाहेर उभं असणं त्याच्या उपयोगी पडलं, असं मला वाटतं.

मिलग्रॅमच्या आणखी एका प्रकारात शेजारी बसलेले दोन सहकारी (ते मिलग्रॅमचेच लोक) मध्येच ‘आम्ही नाही करणार’ म्हणून उठत. तेव्हा ४० पैकी चारच जण शेवटपर्यंत गेले. युझेफूवमध्येही हेच लहान प्रमाणात दिसलं. ट्रॅपने विचारल्यावर आधी एकटाच पुढे आला. त्याचा कॅप्टन त्याच्यावर भडकला, ट्रॅपने त्या माणसाला पाठीशी घातलं आणि मग आणखी दहाबारा जण निघाले. आज्ञेची जशी लागण होते, तशी नकाराचीही होते.

त्या बटालियनमधला एक लेफ्टनंट तर आदल्या रात्रीच ‘मी यात नाही’ असं सांगून मोकळा झाला होता. हॅम्बर्गचा लाकडाचा व्यापारी. पुढे जबानीत त्याने स्वतःच्या सदसद्विवेकाचे गोडवे गायले नाहीत. तो म्हणाला, बाकीचे अधिकारी तरुण होते, त्यांना पोलिसात वर चढायचं होतं. माझा धंदा घरी चालू होता, मला बढती नको होती.