वहीतला दुसरा रकाना

पडद्यावर दिसणारी ही वही चौकोनी रेघांची आहे. ती पुण्यातील एका मराठी शाळेत गणित शिकवणाऱ्या बाईंची असून, त्यांच्या इच्छेनुसार या माहितीपटात त्यांचे नाव आम्ही कोठेही घेतलेले नाही. वहीच्या प्रत्येक पानावर तारखेपुढे दोनच रकाने आखलेले आहेत, एक चढाचा आणि दुसरा उताराचा. सिंहगडाच्या पायथ्याच्या गोळेवाडीपासून गडावरच्या वाहनतळापर्यंत सुमारे नऊ किलोमीटरचा घाटरस्ता सायकलने चढायला किती मिनिटे लागली हे पहिल्या रकान्यात आणि तोच रस्ता उतरायला किती लागली हे दुसऱ्या रकान्यात त्या गेली सहा वर्षे लिहीत आल्या आहेत. त्यांच्या गटातले सायकलस्वार या दुसऱ्या रकान्याची थट्टा करीत असत, कारण चढाची वेळ सगळेच मिरवतात, पण उताराची वेळ कोणी मोजत नाही.

जूनच्या अखेरच्या रविवारी वहीत 'चढ ५२, उतार १७' अशी नोंद आहे. त्यानंतर थेट नोव्हेंबरची तारीख येते.

मधल्या कोऱ्या जागेचे कारण घाटात घडलेले नाही. जुलैच्या एका शनिवारी पहाटे, खडकवासल्याच्या दिशेने जाताना, गतिरोधकाच्या आधी रंगवलेल्या जाड पांढऱ्या पट्ट्यांवर त्यांचे पुढचे चाक घसरले. रस्त्यावर दुसरे वाहन नव्हते, कोणाची चूक नव्हती, वेगही फारसा नव्हता. पावसाच्या सरींनी भिजलेल्या रंगाच्या पट्ट्या डांबरापेक्षा कितीतरी निसरड्या असतात, हे त्यांना ठाऊक होते आणि नव्या मुलांना त्या ते सांगतही असत. सावरायला वेळ मिळाला नाही आणि त्या डाव्या खांद्यावर आदळल्या. हेल्मेटला डाव्या कानाच्या वर बोटभर चीर पडली. आतला थर्माकोलसारखा थर एकदाच चेपला जाऊन आघात शोषून घेतो आणि पुन्हा पूर्ववत होत नाही, म्हणून बाकी धडधाकट दिसणारे ते हेल्मेट त्यांनी त्याच दिवशी निकालात काढले.

सायकलवरून पडणाऱ्यांचे जे हाड वारंवार मोडते, तेच त्यांचेही मोडले. गळ्याजवळच्या ज्या आडव्या हाडाला सगळे कॉलरबोन म्हणतात, ते संपूर्ण हाताला धडाशी जोडणारा हाडांचा एकमेव दुवा असते, आणि त्यामुळे खांद्यावर बसलेला मार थेट त्याच्याकडे जातो. हे हाड किंचित नागमोडी असते, आणि जिथे त्याचा बाक दिशा बदलतो त्या मधल्या भागात ते बहुतेक वेळा मोडते. अनेकांचे हाड हात झोळीत ठेवून आपोआप जुळून येते. बाईंच्या हाडाची टोके मात्र एकमेकांवर चढून ते दोन सेंटिमीटरहून अधिक आखूड झाले होते, आणि त्यामुळे शस्त्रक्रिया करून तेथे धातूची पट्टी व स्क्रू बसवावे लागले. ती पट्टी आजही तेथेच आहे, आणि पाठीवरच्या पिशवीचा पट्टा नेमका तिच्यावर येतो अशी त्यांची तक्रारही आहे.

घरी आल्यावर नातेवाइकांची रीघ लागली. सासूबाईंनी चहाचा कप पुढे करीत विचारले, "पडायचं तेवढं पडून झालं ना आता?" त्यात माया होती आणि निकालही होता. या चित्रीकरणाच्या निमित्ताने आम्ही पुष्कळ सायकलस्वारांना भेटलो, तेव्हा एक फरक कानाला खटकला. चाळिशीनंतर पडलेल्या पुरुषाला लोक 'पुन्हा कधी सुरू करणार' असे विचारतात, तर त्याच वयाच्या बाईला 'अजून चालवणार का' असे विचारतात.

दोन आठवड्यांनी टाके निघाले आणि डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर दिवाणखान्यात ट्रेनरवर, म्हणजे जागेवरच सायकल चालवण्याच्या यंत्रावर, सायकल चढवली गेली. मागचे चाक काढून साखळी थेट यंत्राला जोडलेली, डावा हात झोळीत, उजवा हात मांडीवर आणि पाठ ताठ, अशा अवस्थेत त्या रोज वीस मिनिटे पायडल मारीत असत. पंख्याखालीही घामाच्या धारा लागत आणि हृदयाचे ठोके पूर्वी सिंहगडाच्या मध्यावर जितके असत तितके येथे सपाटीवरच पडत.

यामागचे शरीरशास्त्र समजून घेण्यासारखे आहे. वर्षानुवर्षे सराव केलेल्या सात जणांनी सराव पूर्ण थांबवला तर काय होते, याचा अमेरिकेतील एक अभ्यास १९८४ साली प्रसिद्ध झाला होता. त्यात शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता पहिल्या २१ दिवसांत ७ टक्क्यांनी घटली आणि सुमारे ५६ दिवसांनंतर ती मूळ पातळीच्या १६ टक्के खाली येऊन स्थिरावली. सुरुवातीची घसरण मुख्यतः हृदयाच्या एका ठोक्यामागे बाहेर पडणारे रक्त कमी झाल्यामुळे होते. रक्तातील द्रवाचे प्रमाण सराव थांबताच घटते, आणि सराव सुरू होताच ते तितक्याच तत्परतेने वाढूही लागते. स्नायुबंध आणि सांधे मात्र इतके चपळ नसतात. दम लवकर परत येतो आणि गुडघा मागे राहतो, या तफावतीतच परतीच्या वाटेवरील निम्म्या दुखापती दडलेल्या असाव्यात, असे आम्हाला वाटते.

बाईही त्याला अपवाद ठरल्या नाहीत. नवव्या आठवड्यात दम परत आल्याचा आनंद त्यांना आवरला नाही, ट्रेनरवर सलग तीन दिवस त्यांनी जोर लावला, आणि चौथ्या दिवशी उजवा गुडघा जिना उतरताना दुखू लागला. पुढचे दहा दिवस पुन्हा सक्तीची विश्रांती घ्यावी लागली. मुलांना घाईघाईने गणित सोडवू नका असे रोज सांगणाऱ्या बाईंनी हा प्रसंग सांगताना स्वतःच कपाळाला हात लावला.

हाड जुळल्याची खात्री क्ष-किरण चित्रातून झाल्यानंतर, ऑक्टोबरच्या मध्यावर, त्या प्रथम रस्त्यावर आल्या. पहिली फेरी अवघ्या बारा किलोमीटरची, सपाटीची आणि उजेडातली होती. नोव्हेंबरमध्ये त्यांनी सिंहगड गाठला. वर जाऊन त्यांनी मडक्यातले दही खाल्ले, कांदाभजी नाकारली आणि खाली येऊन वही उघडली. चढ ७१, उतार ३३.

पहिला आकडा अपेक्षितच होता. दुसऱ्याने मात्र त्या अस्वस्थ झाल्या. चढाला पूर्वीपेक्षा एकोणीस मिनिटे जास्त लागली, ती कमावलेली ताकद गेल्यामुळे लागली हे उघड होते. पण उतरायला ताकद लागत नाही, मग वेळ जवळपास दुप्पट कशी झाली? गटातल्या सगळ्यांनी एकमुखाने भीतीचे कारण दिले आणि त्यांनीही ते मान्य केले. पुढच्या आठ आठवड्यांत चढ ६६, ६१, ५८, ५६ असा उतरत गेला. उताराचा आकडा मात्र एकोणतीसच्या आसपास अडून बसला.

हे भीतीचे स्पष्टीकरण पुरेसे नव्हते, हे एका फिजिओथेरपिस्टच्या ध्यानात आले. तिने बाईंना भिंतीवर दोन्ही तळवे टेकवून अंग पुढे लोटायला सांगितले, तेव्हा डाव्या खांद्याचा फरा पाठीपासून सुटून बाहेर आल्याचे तिला दिसले. हाड जुळले होते, पण फरा जागेवर धरून ठेवणारे स्नायू अद्याप झोपलेले होते. चढावर याचा विशेष त्रास होत नाही, कारण तेथे शरीराचा भार बैठकीवर आणि पायांवर असतो. उतारावर मात्र अंग पुढे झुकते आणि बराचसा भार हातांवर येतो. डावा खांदा तो पेलत नसल्यामुळे बाई नकळत उजव्या हातावर रेलत होत्या, आणि त्यांच्या सायकलला पुढच्या चाकाचा ब्रेक उजव्याच हाताला आहे. ज्या हातावर अंगाचे ओझे आहे, त्याच हाताच्या बोटांनी ब्रेक हळुवार दाबणे अवघड जाते. त्यामुळे ब्रेक झटक्याने लागत होता, चाक थरथरत होते आणि त्या थरथरीने मन आणखी धास्तावत होते. खांदा दुखतो म्हणून त्या हँडलच्या खालच्या वाकलेल्या भागावर हात नेत नव्हत्या आणि वरच्या बाजूनेच ब्रेक धरीत होत्या. तेथून बोटांना तितकी पकड मिळत नाही आणि शरीराचा गुरुत्वमध्यही उंच राहतो.

मग व्यायाम बदलला. रोज सकाळी भिंतीवर आणि नंतर जमिनीवर दंडासारखे प्रकार, रबरी पट्टा ओढणे, कोपरांवर शरीर तोलून धरणे असा क्रम सुरू झाला. त्यात मिरवण्यासारखे काही नव्हते आणि त्याची नोंद कोणत्याही ॲपवर होत नव्हती. त्याच जोडीला गटातील एका ज्येष्ठ सायकलस्वाराने त्यांच्याकडून वळणांचा जुनाच धडा नव्याने गिरवून घेतला. वळणाच्या आत ब्रेक दाबायचा नाही, तो वळणापूर्वीच दाबून मोकळा करायचा, बाहेरच्या बाजूचे पायडल खाली ठेवून त्यावर भार द्यायचा आणि खड्ड्याकडे न पाहता जेथून बाहेर पडायचे तिकडे पाहायचे. जिथे नजर तिथे चाक, असे ते गृहस्थ प्रत्येक वळणावर ओरडून सांगत होते.

जानेवारीत बाईंनी २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेसाठी नाव नोंदवले. ब्रेव्हे ही शर्यत नसते. तेथे क्रमांक लावले जात नाहीत, फक्त साडेतेरा तासांच्या मर्यादेत, वाटेतल्या नियंत्रण केंद्रांवर हजेरी लावत, स्वतःच्या बळावर अंतर पूर्ण करायचे असते. दुखापतीतून उठलेल्या माणसाला याहून चांगली परीक्षा आम्हाला सुचत नाही, कारण येथे दुसऱ्याच्या मागे धावण्याचा मोह कमी होतो. मार्ग पुणे ते पाचगणी आणि परत असा होता. खंबाटकी घाट ओलांडून, सुरूर फाट्यावरून वाईत उतरून, पसरणी घाटाने वर चढायचे होते. पाचगणीला बाई वेळेच्या बऱ्याच आधी पोहोचल्या, पण खरी कसोटी परतीची होती.

पसरणी घाट उतरताना कृष्णेचे खोरे आणि खाली वाईची कौले दिसतात, असे त्या पूर्वी नेहमी सांगत. या वेळी काय दिसले, असे आम्ही विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "रस्त्यावरची पांढरी रेघ." त्यांचे हात प्रथमच खालच्या वाकलेल्या भागावर होते. पुढे महामार्गाला लागल्यावर साताऱ्याहून पुण्याकडे येणाऱ्यांना त्या वेळी खंबाटकीच्या बोगद्यातून जावे लागत असे, आणि बोगदा संपताच उतारावर इंग्रजी एस अक्षरासारखे कुप्रसिद्ध वळण लागत असे. मागून मालमोटारींचा घोंगावणारा आवाज, अचानक डोळ्यांवर येणारा उजेड आणि समोर उतार, अशा त्या जागी बाई रस्त्याच्या कडेला थांबल्या, पाणी प्यायल्या, मालमोटारींचा लोंढा पुढे जाऊ दिला आणि मगच निघाल्या. अकरा तास चाळीस मिनिटांनी त्या पुण्यात पोहोचल्या.

फेब्रुवारीतील शर्यत वेगळी होती. पुरंदर तालुक्यातील रस्त्यांवर, चाळिशीपुढील महिलांच्या गटात, चौदा जणी आणि ४२ किलोमीटर. शर्यतीत पुढच्या सायकलच्या मागे हातभर अंतरावर राहिले की वाऱ्याचा अडसर बराच कमी होतो, आणि म्हणून सगळ्या घोळक्याने चालतात. पण त्या अंतरात पुढच्या चाकाला आपले चाक लागले तर पडायचे ते आपणच. पहिले दहा किलोमीटर बाई घोळक्याच्या शेपटाला राहिल्या, आणि तेथे राहण्याची किंमत म्हणून प्रत्येक वळणानंतर त्यांना धाप लागेपर्यंत वेग वाढवावा लागला. घाटाच्या पायथ्याशी त्या पुढे आल्या आणि माथ्यावर तिसऱ्या होत्या. उतारावर तिघी त्यांना ओलांडून गेल्या. त्यांपैकी एकीने आतल्या बाजूने, बाईंच्या कोपराला जवळजवळ घासून, वाट काढली. बाईंनी आपली रेघ सोडली नाही, ब्रेक वळणापूर्वी दाबला आणि वळणात मोकळा केला. शर्यत संपली तेव्हा त्या सहाव्या होत्या. घरी सासूबाईंनी पहिला प्रश्न 'पडलीस का?' असा विचारला आणि नाही म्हटल्यावर दुसरा प्रश्न 'कितवी आलीस?' असा विचारला. वहीत त्या दिवशी 'वर तिसरी, खाली सहावी' अशी नोंद आहे.

एप्रिल आणि मे महिन्यांच्या पानांवर आकडे शांतपणे उतरतात. उतार २४, मग २२, आणि मेच्या अखेरीस २०. सतरा पुन्हा कधी येणार, असे आम्ही त्यांना विचारले. सतराचा वेग त्या वयाला आणि त्या रस्त्याला शोभणारा होता की नाही याचीच आता शंका वाटते, असे त्या हसत म्हणाल्या.

आमच्या चित्रीकरणाचा शेवटचा दिवस जूनमधला होता. पहाटे निघताना आकाश कोरडे होते. गोळेवाडीहून आमची गाडी त्यांच्या मागे होती आणि त्या ज्या लयीत पायडल मारीत होत्या त्यावरून काहीतरी निराळे घडत असल्याचे आम्हाला जाणवत होते. वाहनतळापाशी पोहोचून त्यांनी घड्याळ पाहिले आणि काही न बोलता ते आम्हाला दाखवले. त्यानंतर दहा मिनिटांत पावसाची पहिली मोठी सर आली. आम्ही झोपडीवजा टपरीत शिरलो आणि पिठले-भाकरी मागवली. पाऊस ओसरला तरी रस्ता ओलाच होता, आणि वळणांवर लाल माती वाहून आली होती. बाई उठल्या, वाहनतळावर जाऊन खाली जाणाऱ्या जीपच्या चालकाशी भाड्याची घासाघीस केली आणि सायकल टपावर नीट दोरीने बांधून घेतली.

त्या संध्याकाळची नोंद पडद्यावर आहे. चढ ५१, उतार जीप.