घंटा साडेसातची, घर पहिल्या पाळीचं

[दृश्य : नाशिकच्या सिडकोतली अरुंद गल्ली. गाडी अजून दिसत नाही, नुसता आवाज.]

सकाळचे साडेसात. घंटा ऐकू आली, की जिन्यांवर चपला वाजायला लागतात. एक आजोबा दोन बादल्या सांभाळत उतरतात, एक ओल्याची, एक सुक्याची. वरच्या गॅलरीतून हाक येते, "अहो दादा, थांबा जरा!" दादा थांबतात. रोजच थांबतात.

घंटागाडी म्हणजे काय, हे नाशिककराला सांगावं लागत नाही. नव्वदच्या दशकात ती इथं रस्त्यावर आली. त्याआधी कोपऱ्यावरची कचराकुंडी होती. अंधारात पिशवी भिरकावली, की कचरा कुणाचाच नसायचा. गाडी दारात यायला लागली आणि कचऱ्याला धनी मिळाला.

[दृश्य : त्याच गल्लीतलं कुलूप लावलेलं दार.]

हे घर मात्र गाडीला कधीच भेटत नाही. घरातली दोघंही अंबडच्या कारखान्यात, पहिल्या पाळीला. सातच्या आत बाहेर. मग पिशवी कुठं जाते? नाल्याच्या कडेला. तिथं दुसरी पडते, तिसरी पडते, कुत्री येतात, आणि त्या जागेला 'ब्लॅक स्पॉट' असं नाव मिळतं. लोकांना शिस्त नाही, असं आपण म्हणून मोकळे होतो. गाडी साडेसहाला आली असती, तर?

हा प्रश्न विचारायचा कुणाला?

[दृश्य : शरणपूर रस्ता, महापालिकेचं मुख्यालय राजीव गांधी भवन.]

शहरांचा कारभार शहरांच्या हाती देणारी 74 वी घटनादुरुस्ती 1 जून 1993 पासून लागू झाली. बाराव्या अनुसूचीतल्या 18 विषयांत घनकचरा आहे. म्हणजे हा विषय शहराचा. पण नाशिक पसरलंय पंचवटीपासून नाशिक रोडपर्यंत, सातपूरपासून सिडकोपर्यंत. पूर्व आणि पश्चिम धरून सहा विभाग. म्हणून कायद्यानं आणखी एक पायरी खाली उतरून प्रभाग समिती ठेवली. महापालिका अधिनियमाच्या कलम 29 अ प्रमाणं तिथं नगरसेवकांच्या शेजारी, त्या भागात काम करणाऱ्या संस्थांचे जास्तीत जास्त तीन प्रतिनिधी बसू शकतात. बादली घेऊन उभ्या असलेल्या या रांगेत विचारून बघा, या तीन खुर्च्या कुणी पाहिल्यात का.

त्यात मार्च 2022 मध्ये 122 नगरसेवकांच्या सभागृहाची मुदत संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. निवडणूक जानेवारी 2026 पर्यंत लांबत राहिली. घंटा मात्र वाजत राहिली, आणि कदाचित म्हणूनच फारसं कुणाला काही चुकल्यासारखं वाटलं नाही. मोबाइलवरून ढिगाऱ्याचा फोटो पाठवता येतो. गाडीची वेळ काय असावी, यावर फोटो काढता येत नाही.

[दृश्य : अनंत चतुर्दशी, गोदाघाट.]

नाशिककर पुढं येत नाहीत, असं म्हणायची सोय नाही. विसर्जनाच्या दिवशी घाटावर कॉलेजची मुलं उभी असतात. आरती झाली, की मूर्ती पाण्यात न सोडता त्यांच्या हाती दिली जाते, आणि निर्माल्य वेगळ्या कलशात. बाप्पा नदीत न सोडण्याइतकं मन वळवता आलं, तर केळीचं साल वेगळं ठेवायला सांगणं काय अवघड आहे! पण घाटावर समोर माणूस उभा असतो, "द्या काका, आम्ही नीट ठेवतो" म्हणणारा.

[दृश्य : हॉटेलची मागची मोरी, उरलेल्या अन्नाचे पिंप.]

जर्मनीच्या जीआयझेड या संस्थेच्या साहाय्यानं उभा राहिलेला एक प्रकल्प नाशिकमध्ये आहे. रोज 30 टनांची क्षमता. हॉटेलांतला ओला कचरा आणि सार्वजनिक शौचालयांतला मैला एकत्र कुजवायचा, गॅस काढायचा, त्यावर वीज करायची. ऐकायला झकास. पण पिंपात भाताबरोबर चमचे, पिशव्या, नॅपकिन गेले, की कुजवण्याआधी निवडत बसावं लागतं. सगळी मदार भांडी घासणाऱ्या पोऱ्यावर, आणि त्याला याबद्दल कुणी काही सांगितलेलं असेलच, असं नाही.

घनकचऱ्याच्या 2016 च्या नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा वेगळा देणं प्रत्येकावर बंधनकारक केलं. तो उचलायची वेळ कुणी ठरवायची, हा प्रश्न गल्लीतच राहिला. आणि 2027 चा सिंहस्थ तोंडावर आहे.

[दृश्य : पुन्हा सिडको. कुलूप तेच. शेजारच्या दारात बादल्यांची रांग.]

कुलूपबंद घराची बादली आता इथं असते. शेजारच्या काकू तीन घरांचा कचरा ठेवून घेतात आणि गाडीत देतात. ही समिती कुठल्याच कागदावर नाही.

"काकू, उद्या उशीर होईल बरं का. नऊ तरी वाजतील," गाडीवरचे दादा सांगतात.

"नऊ? मग समोरची सूनबाईपण गेलेली असेल कामाला." काकू पदराला हात पुसतात आणि समोरच्या दारावर थाप मारतात. "अगं, उद्या तुझीही बादली माझ्याकडे ठेवून जा."