राजाचं रक्त आणि प्रजेचं

(पुण्यात गेम-लेखन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रहो, ‘फायनल फँटसी फिफ्टीन’ हा व्हिडिओ गेम तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी खेळलाय, त्यामुळे कथा थोडक्यात सांगतो. ल्युसिस नावाच्या काल्पनिक राज्याचा युवराज नॉक्टिस स्वतःच्या लग्नासाठी तीन सोबत्यांना घेऊन मोटारीने निघतो. मागे राजधानी पडते, वडील मारले जातात आणि हा तरुण पोरगा राजा होतो. २००६ साली वेगळ्या नावाने जाहीर झालेला हा गेम २०१६ मध्ये हातात आला, तोही मधे दिग्दर्शक बदलून. कथेतल्या फटींचं थोडं कारण तिथेही असेल. पण मला बोलायचंय ते एका मोठ्या फटीबद्दल. हा मुलगा राजा होतो, पण राजा म्हणून घडत नाही.

यातली एक गोष्ट मला मनापासून आवडते. नॉक्टिस पूर्वजांच्या थडग्यांमधून राजशस्त्रं गोळा करतो, आणि ती वापरली की त्याचाच एचपी, म्हणजे अंगातला जीव मोजणारा आकडा, घटत जातो. सत्तेची किंमत मोजावी लागते हे एकही संवाद न लिहिता खेळाडूच्या बोटांना कळतं. ही अस्सल लेखकाची नजर आहे. पण सांडतं ते रक्त कायम त्याचंच असतं. शेवटी तो सिंहासनावर बसून प्राण देतो, तेव्हाही तो स्वतःचाच जीव देतो. स्वतःला ओवाळून टाकणारा नायक लिहिणं त्या मानाने सोपं आहे, कारण आपण रडतो आणि त्याचं सगळं माफ करतो. ज्याच्या एका निर्णयापायी दुसऱ्यांची घरं जळतात, त्याला लिहायला घ्या. मग हात अडखळतो.

पुण्यात बोलतोय म्हणून थोरल्या माधवरावांची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. १७६१ च्या जानेवारीत पानिपत, जूनमध्ये पर्वतीवर नानासाहेबांचा मृत्यू, आणि सोळा वर्षांच्या मुलाच्या अंगावर पेशवाईची वस्त्रं. पुढच्याच वर्षी चुलत्याशी लढाई होते. दौलत दुभंगू नये म्हणून हा मुलगा आळेगावला आपण होऊन राघोबादादांच्या छावणीत जातो, नजरकैद पत्करतो. मग १७६३. पेशव्यांची फौज निजामाचा मुलूख लुटत होती, आणि त्याच वेळी निजामाने इकडे येऊन पुणं लुटलं, जाळलं. फौज तिकडे नेण्याची किंमत इथल्या पेठांनी मोजली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये राक्षसभुवनला निजामाचा पराभव झाला, पण विजयी फौज परतली ती याच जळलेल्या शहरात. सत्ताविसाव्या वर्षी थेऊरला क्षयाने गेलेला हा माणूस एवढ्या थोड्या काळात मोठा झाला, तो असल्या हिशेबांना तोंड देत. नॉक्टिसला असा एकही हिशेब द्यावा लागत नाही.

संधी नव्हती असं नाही, आणि मला खरी हळहळ वाटते ती याचीच. लेस्टॅलम शहरातला म्हातारा जॅरेड आठवा. राजधानी पाडणाऱ्या शत्रू साम्राज्याचे सैनिक राजाचा ठावठिकाणा विचारत येतात, तो सांगत नाही, त्याला मारतात. त्याचा नातू टॅलकॉट लहान आहे. नॉक्टिस चिडतो, सूड घ्यायला शत्रूच्या तळावर तुटून पडतो, आणि कथा पुढे सरकते. नंतर नॉक्टिस दहा वर्षं स्फटिकात बंद राहतो. बाहेर येतो तेव्हा जग अंधारात बुडालेलं असतं, आणि त्याला ट्रकमध्ये घेऊन जाणारा तरुण असतो हाच टॅलकॉट! ज्याचा आजोबा आपल्यापायी मेला तो पोर शेजारी बसून गाडी चालवतोय. यापेक्षा मोठा प्रसंग लेखकाला कोण देणार? आणि त्या प्रवासात होतं काय, तर कोण कुठे आहे, लोक कसे जगतायत याची खबरबात. ती हवीच. पण राजाने त्या मुलाला नीट दोन प्रश्न तरी विचारायला हवे होते.

अल्टिशियाचंही तसंच. समुद्रदेवीला जागं करायचं म्हणून शहर रिकामं करायचा करार होतो, ती जागी होऊन शहर उद्ध्वस्त करते, आणि पुढचं प्रकरण थेट काही आठवड्यांनी आगगाडीत उघडतं. डोळे गमावलेला सोबती इग्निस समोर आहे, दुसरा सोबती ग्लॅडिओ नॉक्टिसला चांगला फैलावर घेतो. हा भाग जिवंत आहे, कारण किंमत मोजणारा माणूस त्याच डब्यात बसलाय. शहरातली माणसं मात्र मागेच राहिली.

गेम या माध्यमात हे जमत नाही असं कुणी म्हणालं तर २०१८ च्या ‘रेड डेड रिडेम्प्शन टू’मधला दरोडेखोरांच्या टोळीचा म्होरक्या डच पाहा. त्याचा प्रवास अधोगतीचा आहे, तरीही पुढारी म्हणून तो पुरता रेखाटलाय. छावणीतली माणसं रोज समोर दिसतात, खेळाडू त्यांच्या पेटीत पैसे टाकतो, आणि डचची प्रत्येक नवी योजना त्यातल्या कुणाला तरी भोवते. तेलाच्या कारखान्यात तो आर्थरला, म्हणजे खेळाडू ज्याच्या भूमिकेत असतो त्या टोळीतल्या माणसाला, संकटात टाकून निघून जातो, तेव्हा आपल्याला धक्का बसतो आणि पटतंही.

नॉक्टिस नसतानाच्या त्या दहा वर्षांतली माणसांची धडपड ‘कॉम्रेड्स’ नावाच्या वेगळ्या विस्तारात आली. लेस्टॅलम, तिथले निर्वासित, विजेसाठीची मारामार. राज्य चालवणं म्हणजे काय हे दाखवणारा सगळा मालमसाला तिथे आहे, फक्त राजा नाही. तुमच्यापैकी कुणाला सराव म्हणून पटकथा लिहायची असेल तर टॅलकॉटच्या ट्रकमधला तो प्रवास घ्या, आणि बोलायला सुरुवात टॅलकॉटला करू द्या.