पश्चिमेची भिंत
(कोकण किनाऱ्यावरच्या जांभ्याच्या घरांविषयी लघुमाहितीपट – निवेदन)

[दृश्य: जुलै महिना. समुद्राकडून येणारी आडवी सर, कौलारू घराची पश्चिम बाजू]

या पागोळ्यांकडे नीट बघा. त्या सरळ खाली पडत नाहीयेत, भिंतीकडे वळल्यात. कोकणात याला झड म्हणतात. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास, कुठे त्याहूनही जास्त पाऊस पडतो. त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, नैऋत्येच्या वाऱ्याबरोबर. त्यामुळे घराच्या चार भिंतींचं आयुष्य सारखं नसतं. पूर्वेची भिंत वीस वर्षं तशीच राहते आणि पश्चिमेची दुसऱ्या पावसाळ्यात काळी पडते.

सर पंचेचाळीस अंशांत तिरकी आली, तर छप्पर भिंतीच्या जेवढं पुढे आलंय तेवढाच भिंतीचा वरचा भाग कोरडा राहतो. तीन फुटांची वळचण असली तर वरचे तीन फूट वाचतात. स्लॅबच्या घराला दीड फुटाचा छज्जा असतो, त्याचं गणित ज्यानं त्यानं करावं. दहा फुटांच्या भिंतीतले उरलेले साडेआठ फूट चार महिने भिजतात. जुन्या घरांना पश्चिमेकडे पडवी असायची ती याचसाठी. पडवीचं छप्पर उतरतं खाली येतं आणि मुख्य भिंतीपर्यंत झड पोचतच नाही.

पण आज बहुतेक घरांना पडवी नाही. भिंत उघडी आहे. तिच्या अंगावर काय चढवायचं, एवढाच या फिल्मचा विषय आहे.

[दृश्य: चिरेखाण. कटर मशीन, लाल धूळ, निघालेला ओला चिरा]

सुरुवात भिंतीच्या आतल्या दगडापासून. हा जांभा. फ्रान्सिस बुकॅनन यानं मलबारात हा दगड पाहिला आणि १८०७ साली छापलेल्या प्रवासवर्णनात विटेसाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून त्याला लॅटराइट म्हटलं. खाणीतून नुकता निघालेला चिरा मऊ असतो, कोयत्यानंही तासता येतो. हवा लागली की त्यातलं लोह घट्ट होत जातं आणि दगड कडक होतो. म्हणून खाणीतला चिरा त्याच आठवड्यात भिंतीत बसवू नये. किमान तीन महिने उघड्यावर, हवा खेळेल असा रचून ठेवावा.

[दृश्य: चिऱ्याचा जवळून शॉट. हातोडीची टिचकी]

चौदा बाय नऊ बाय सात इंची हा चिरा साधारण तीस किलोचा. याच्या अंगावरची ही पांढरी-पिवळी ठिगळं दिसतात? ते मातीचे खिसे आहेत. दगड कडक होतो, पण हे खिसे होत नाहीत. झड लागली की माती धुऊन जाते आणि भिंतीत बोटभर खोल भोकं राहतात. हातोडीनं टिचकी मारा. खणखणीत आवाज आला तर चिरा पश्चिमेला लावा. बद्द आवाज आला, ठिगळं जास्त दिसली, तर तो आतल्या भिंतीला. गाडी उतरवतानाच ही निवड झाली पाहिजे. भिंत उभी राहिल्यावर कुणी चिरा बदलत नाही.

[दृश्य: जुने गोवे. बॉम जीझस बॅसिलिका, लाल दर्शनी भाग. कॅमेरा वळतो, रस्त्यापलीकडे पांढरं से कॅथेड्रल]

उघडा जांभा दिसायला सुंदर असतो, यात वाद नाही. हल्लीच्या बंगल्यांत गिलावा न करता नुसता चिरा ठेवण्याची हौस आहे. त्यांनी जुन्या गोव्याला जाऊन यावं. बॉम जीझसची पायाभरणी १५९४ ची आणि १६०५ मध्ये चर्च पुरं झालं. भिंती जांभ्याच्या, दर्शनी भागातलं कोरीव काम वसईच्या काळ्या दगडाचं. जवळजवळ साडेतीन शतकं या जांभ्यावर चुन्याचा गिलावा होता. १९५० च्या दशकात पोर्तुगीज अमलातच तो खरवडून काढला, इमारत जुनीपुराणी दिसावी म्हणून. आज लोक जे लाल रूप बघायला येतात, ते साठ-सत्तर वर्षांचं आहे. गिलावा उतरल्यापासून जांभा झिजतोय. समोरचं गिलावा असलेलं पांढरं चर्च त्याच पावसात, त्याच वाऱ्यात उभं आहे.

[दृश्य: सिमेंटचा गिलावा. केसासारख्या भेगा, रंगाचे फुगे, पोपडे]

मग सिमेंट का नको? सिमेंटचा गिलावा कडक आणि ताठ असतो. जांभा उन्हात-पावसात थोडा हलतो, त्याच्याबरोबर सिमेंट हलत नाही, त्याला केसासारखी भेग पडते. त्या भेगेतून झड आत जाते. आत गेलेलं पाणी जांभा स्पंजासारखं धरून ठेवतो. त्याला बाहेर यायचं असतं, पण वरून सिमेंट आणि त्यावर प्लॅस्टिकसारखा रंग. समुद्राच्या हवेतलं आणि वाळूतलं मीठ त्या पाण्यात विरघळलेलं असतं. ऑक्टोबरच्या उन्हात पाणी सुकतं, मीठ गिलाव्याच्या पाठीमागे स्फटिक होऊन फुगतं आणि गिलावा सुटतो. लोक म्हणतात, भिंतीला लोणा लागला. हा लोणा वॉटरप्रूफ रंगाचा आणखी एक हात मारून जात नाही, उलट कोंडला जातो.

बोटाच्या पेरानं ठोकून बघा. पोकळ आवाज येतो तिथे आत गिलावा सुटलेला आहे.

[दृश्य: शिंपल्यांचा ढीग. भट्टी. कळीचा चुना पाण्यात पडतो, वाफ, उकळी]

आता चुना. इथे थोडं थांबू, कारण हे काम हातानं करणारे गवंडी कमी होत चाललेत आणि करायचं कसं ते दाखवायला हवं.

किनाऱ्यावर चुना शिंपल्यांचा. शिंपले आणि लाकडी कोळसा थरावर थर रचून भट्टी लावायची. सुमारे नऊशे अंशांच्या उष्णतेत शिंपल्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि उरते ती चुनकळी, म्हणजे कळीचा चुना. कळी हलकी असते. हातात घेतली तर शिंपल्याचा आकार तसाच, वजन मात्र गेलेलं.

कळी विरवताना एक नियम कधीही मोडू नये. पाण्यात कळी टाकायची, कळीवर पाणी ओतायचं नाही. आधी हौद अर्धा पाण्यानं भरा, मग घमेल्या-घमेल्यानं कळी सोडा. बघा, पाणी उकळायला लागलं. यात हात गेला तर भाजतो आणि डोळ्यात थेंब गेला तर डोळा जाऊ शकतो. चष्मा, हातमोजे, जवळ स्वच्छ पाण्याची बादली. लांब दांड्याच्या फावड्यानं ढवळत राहायचं. तळाशी कोरडी कळी राहिली तर ती पुढे भिंतीवर विरते आणि गिलाव्याला लहान लहान खळगे पडतात.

[दृश्य: चाळणीतून गळणारा दुधासारखा चुना. झाकलेला हौद]

उकळी निवली की हा चुना तीन मिलिमीटरच्या चाळणीतून दुसऱ्या हौदात गाळायचा. खडे फेकून द्यायचे. वर चार बोटं पाणी ठेवून झाकायचा आणि किमान पंधरा दिवस हात लावायचा नाही. महिना-दोन महिने ठेवला तर आणखी उत्तम. तयार चुना लोण्यासारखा असतो, थापीवर उचलला तर सरकत नाही. वरचं स्वच्छ पाणी, म्हणजे निवळी, फेकू नका. भिंतीवर मारायला लागते.

बाजारात पोत्यातली चुन्याची पावडर मिळते, ती सफेदीला चालेल. पोतं किती दिवस उघडं पडलंय ते कळत नाही, आणि हवा लागलेल्या चुन्यात पकड राहत नाही. गिलाव्यासाठी कळीच आणा.

[दृश्य: वाळू, सुरखी आणि चुना यांचे ढीग. मळणी]

शिंपल्याचा चुना फार शुद्ध असतो. तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊनच घट्ट होतो आणि दमट हवेत ते काम सावकाश चालतं. म्हणून त्यात सुरखी घालायची, म्हणजे नीट भाजलेल्या विटेची बारीक पूड. सुरखी चुन्याशी ओल्यातही पकड धरते. प्रमाण मापानं असं : एक भाग चुना, एक भाग सुरखी, दोन भाग वाळू. शंभर चौरस फूट भिंतीला वीस मिलिमीटर जाडी धरली आणि जांभ्याच्या खड्ड्यांत जाणारा माल मोजला, तर पावणेतीन घनफूट चुना, तेवढीच सुरखी आणि साडेपाच घनफूट वाळू लागते.

वाळू नदीची, धुतलेली. खाडीची किंवा पुळणीची वाळू घातली तर लोणा आपणच भिंतीत कालवला असं समजा. मूठ आवळून सोडल्यावर हाताला माती चिकटत असेल, तर ती वाळूही परत पाठवा.

मळताना पाणी कमीत कमी. चुन्यातच ओल असते. माल कोरडा वाटतो म्हणून पाणी ओतण्याचा मोह होतो, पण जास्तीचं पाणी सुकलं की भेगा पडतात. आणखी पाणी घालण्यापेक्षा आणखी अर्धा तास मळा. जुने गवंडी गूळ आणि हिरडा भिजवलेलं पाणी घालत. गुळानं माल हाताखाली मऊ चालतो.

[दृश्य: भिंत. दरजा कोरताना, पाणी मारताना, पहिला हात]

गिलाव्याचा मोसम ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी. एप्रिलच्या उन्हात केलेला चुना धरण्याआधी सुकतो आणि भुसा होतो. पहिल्यांदा चिऱ्यांमधल्या दरजा अर्धा इंच कोरून काढायच्या, ब्रशनं धूळ झाडायची आणि आदल्या संध्याकाळी भिंतीला भरपूर पाणी मारायचं. सकाळी पुन्हा शिंपडायचं. भिंत ओलसर हवी, ओघळणारी नको. कोरडा जांभा गिलाव्यातलं पाणी ओढून घेतो आणि गिलावा पकडतच नाही.

पहिला हात थापीनं जोरात फेकून मारायचा, आठ ते दहा मिलिमीटर. त्यावर रेघा ओढून ठेवायच्या. आठ-दहा दिवसांनी, नखानं खळ पडेनासा झाला की दुसरा हात, तोही तेवढाच. एका दमात वीस मिलिमीटर चढवलं तर बाहेरून घट्ट आणि आत मऊ राहतं. दुसऱ्या हातावर दोन-तीन दिवस लाकडी रंधा फिरवत राहायचं. बारीक भेगा दिसल्या की थोडं पाणी शिंपडून दाबून बंद करायच्या. शेवटी निरू, गाळलेल्या चुन्याचा दोन मिलिमीटरचा हात. सारं काम ओल्या गोणपाटाच्या पडद्याआड चालतं. ऊन आणि वारा लागू द्यायचा नाही.

[दृश्य: ब्रशनं सफेदी. पहिला हात पारदर्शक, दुसऱ्या दिवशी पांढरा]

वर रंग चुन्याचाच. दुधासारखा पातळ चुना, चार-पाच हात, प्रत्येक हाताआधी भिंत ओली. रंग हवा असेल तर गेरू किंवा पिवडी. या मातीच्या रंगांना चुना खात नाही. ओला असताना हात पारदर्शक दिसतो, घाबरून जाड लावू नका. दुसऱ्या दिवशी तो आपोआप पांढरा होतो. जाड लावला तर पापुद्रे निघतात.

दर वर्ष-दोन वर्षांनी सफेदीचा हात द्यावा लागतो, आणि खर्च सिमेंटपेक्षा जास्त येतो.

[दृश्य: फायबर सिमेंटच्या फळ्या. स्क्रू. गंजलेला पत्रा]

ज्यांना गिलावा करायचाच नाही, त्यांच्यासाठी फळ्यांचा मार्ग. फायबर सिमेंटची आठ मिलिमीटरची फळी भिंतीला थेट ठोकायची नाही. उभ्या रिपा मारून मागे वीस ते पंचवीस मिलिमीटर पोकळी ठेवायची, खाली-वर जाळी लावून ती मोकळी ठेवायची. झड फळीवर थांबते, आत शिरलेलं पाणी खाली गळतं आणि हवा भिंत सुकवते. फळीची कापलेली कड रंगानं बंद करा, पाणी तिथूनच पितं. स्क्रू ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचे. समुद्राजवळ साधा गॅल्व्हनाइज्ड स्क्रू आधी गंजतो, मग फळी पडते. पत्र्याचंही तेच, भोकाच्या आणि कापलेल्या कडेपासून गंज सुरू होतो.

[दृश्य: भिंतीचा पायथा. पेव्हर ब्लॉकवरून उडणारं पाणी]

आणि हा पायथा. पागोळ्या पेव्हरवर आपटतात आणि चिखलपाणी दीड फुटापर्यंत भिंतीवर उडतं. पागोळ्यांच्या रेषेत दोन फूट रुंद गोट्यांचा पट्टा ठेवा, उतार घरापासून लांब. जोत्यावरचा गिलावा जमिनीला टेकवू नका, दोन इंच वर थांबवा. नाहीतर तो जमिनीतली ओल वर ओढतो.

[दृश्य: मे महिना. भिजवलेल्या झावळ्या मधोमध चिरून झाप विणणारे हात]

नव्या चुन्याला पहिला पावसाळा जड जातो. वरचे काही मिलिमीटर घट्ट झालेले असतात, आतला भाग अजून धरत असतो. म्हणून पहिल्या वर्षी पश्चिमेला झाप लावतात. माडाच्या झावळ्या पाण्यात भिजवून, मधोमध चिरून, एक पात खाली एक पात वर अशा विणायच्या. खालून वर लावत जायचं. वरचा झाप खालच्यावर वीतभर चढला पाहिजे, म्हणजे पाणी कौलांसारखं उतरतं. बांबू भिंतीपासून हातभर लांब. झाप गिलाव्याला चिकटला तर तिथे शेवाळ धरतं.

[दृश्य: झाप बांधून झाले. ढग. पहिला वारा]

दसऱ्याच्या सुमारास झाप सोडायचे. भिंत आठवडाभर सुकू द्यायची, मग सफेदीचा पुढचा हात.