झाड जगतं फरशीखाली

मंडळी, आजचा जाहीर विषय 'स्टॉकहोमच्या बागा'. त्यात मला मनापासून सांगायचंय ते असं, की भर वस्तीतलं झाड जगणार की मरणार हे फरशीखाली ठरतं. तिथे पोचायला थोडा वळसा घेऊ.

स्टॉकहोम म्हणजे बेटं, पाणी आणि मधूनमधून वर आलेले उघडे कातळ. होल्गर ब्लोम 1938 ते 1971 इथले उद्यानप्रमुख होते. सुट्या सुट्या बागा करण्यापेक्षा त्यांनी बागा एकमेकींना जोडत नेल्या. नोर मॅलारस्ट्रांड घ्या. नगरभवनाजवळून निघालात की पाण्याच्या कडेकडेनं रोलाम्ब्सहोव्हच्या बागेपर्यंत चालत जाता येतं. पुढे 1995 साली उल्रिक्सडाल ते युरगोर्डन हा मोठा पट्टा कायद्यानं 'राष्ट्रीय नगर-उद्यान' झाला.

ब्लोम निवृत्त झाले त्याच वर्षीची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. शहराच्या ऐन मध्यात कुंगस्ट्रॅडगोर्डन आहे, म्हणजे राजाची बाग. तिथे 13 जुने एल्म. एल्म हे आपल्या वावळाच्या कुळातलं झाड. वावळाची पापडासारखी चपटी फळं वाऱ्यावर भिरभिरतात ना, तशीच याचीही. या एल्मच्या जागी मेट्रो स्थानकाचं प्रवेशद्वार करायचं ठरलं, आणि 12 मे 1971 च्या आदल्या रात्री करवती आल्या. पण आंदोलकांनी फोनची साखळी आधीच बांधून ठेवली होती. एकानं ठरलेल्या माणसांना उठवायचं, त्यांनी पुढच्यांना. बघता बघता बाग भरली. कुंपण आडवं झालं. काही बुंध्यांत करवतीचं पातं शिरलंही, पण तोवर पोरं फांद्यांवर जाऊन बसली होती, आणि वर माणूस असताना करवत कोण चालवणार? लोक झोळ्या बांधून तिथेच राहिले. काही दिवसांत पालिकेनं माघार घेतली. प्रवेशद्वार आर्सेनाल्सगाटान या रस्त्याकडे सरकलं, 1977 मध्ये स्थानकही सुरू झालं. झाडं जागेवर, मेट्रोही मिळाली! ही गोष्ट मला कितीही वेळा सांगावीशी वाटते.

चिठ्ठी आली, दहाच मिनिटं उरलीत. तर मुख्य मुद्दा, भरभर.

रस्त्यालगतची माती चाकांनी, पावलांनी दाबली जाते. तिच्यातल्या पोकळ्या मिटतात आणि मुळांना प्राणवायू मिळेनासा होतो. शेंडा सुकू लागतो. आपण घाईनं पाण्याचा पाइप सोडतो. ते पाणी मुरत नाही, साचतं, आणि मुळं आणखीच गुदमरतात.

यावर स्टॉकहोमचे वृक्षतज्ज्ञ ब्यॉर्न एम्ब्रेन यांनी रुळवलेली पद्धत म्हणजे दगडी सांगाड्याची माती. एका झाडामागे निदान 15 घनमीटर जागा. तीत 100 ते 150 मिलिमीटरचे फोडीव दगड थराथरानं घालायचे आणि प्रत्येक थर दाबायचा. दगड दगडाला टेकला की वरचा भार दगडच पेलतात, मधल्या पोकळ्या शाबूत राहतात. मग माती पातळ पसरून पाण्याच्या धारेनं त्या पोकळ्यांत उतरवायची. इथे क्रम चुकवू नका. माती आणि दगड आधीच कालवून ओतले, तर दगडांमध्ये मातीची गादी बसते, दगड टेकत नाहीत आणि फरशी खचते. या दगडी थरांवर 32 ते 63 मिलिमीटर खडीचा बिनमातीचा थर, हा हवेसाठी. त्यावर जिओटेक्स्टाइल कापड. ते विसरलात तर वरची बारीक कच खाली झिरपून हवेची वाट बुजवते. आणि फरशीच्या पातळीला जाळीचं झाकण असलेलं चेंबर हवंच. रस्त्यावरचं, छपरावरचं पावसाचं पाणी त्यातून आत येतं, मुळांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो.

पुढची सुधारणा बायोचारची. बागेचा कचरा प्राणवायूशिवाय तापवून केलेला हा कोळसा सच्छिद्र असतो, पाणी आणि अन्नद्रव्यं धरून ठेवतो. असा कोळसा करण्याच्या शहराच्या योजनेला 2014 मध्ये ब्लूमबर्ग फिलान्थ्रॉपीज या संस्थेच्या स्पर्धेत 10 लाख युरो मिळाले, 2017 मध्ये पहिली भट्टी सुरू झाली. भट्टीची उष्णता शहराच्या घरं तापवणाऱ्या नळांत जाते.

तिकडे गेलात तर नव्यानं लावलेल्या रस्त्याकडेच्या झाडापाशी थांबा आणि फरशीत बसवलेलं ते जाळीचं झाकण शोधा. पाऊस पडत असेल तर उत्तमच. पाणी गटाराकडे न जाता त्या जाळीतून खाली उतरताना दिसेल.